चमचाभर दूध आणि करडी चकती: वर्गात फसलेले प्रकाशाचे प्रयोग

पत्र

नववी-दहावीला भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात 45 मुलं. प्रयोगशाळेत कडा उडालेला एक लोलक आणि दोन बहिर्गोल भिंगं, एवढंच सामान. पडदे लावले तरी वर्ग पुरता अंधारा होत नाही. यंदा तीन प्रयोग केले आणि तिन्ही फसले. किरण दिसावा म्हणून पाण्यात चमचाभर दूध घालून लेझर सोडला, तर अख्खं भांडंच लाल दिसायला लागलं. लोलकातून पांढरा पट्टा पडला, त्याच्या कडांना जेमतेम रंग. न्यूटनची चकती (वर्णपंक्तीच्या रंगांचे पट्टे असलेली) मोटरवर फिरवली, ती करडी दिसली आणि मागून आवाज आला, ‘बाई, पांढरी कुठंय?’ खर्च फारसा करता येणार नाही. आता सरळ व्हिडिओच दाखवावेत का?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

चकती करडीच दिसणार होती. तिच्याकडे पुढे येऊ. उरलेल्या दोन प्रयोगांत सामान कमी पडलं नव्हतं. एकात दूध जास्त झालं, दुसऱ्यात प्रकाश. प्रकाशाचे घरगुती प्रयोग बहुतेक वेळा याच कारणानं फसतात: नको तो प्रकाश हव्या त्या प्रकाशात मिसळतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे वर्ग अंधारा करण्याचा नाद सोडायचा आणि अंधार खोक्यात भरायचा. साधारण 60 सेमी लांब, 40 सेमी उंच पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा. एक बाजू मुलांकडे उघडी, आत सगळीकडे काळा कागद. कागद गुळगुळीत, चकचकीत नको. त्यावरून खिडकीचा उजेड परत येतो. खोक्याचं तोंड खिडकीकडे पाठ करून ठेवा. वरची झाकणं कापू नका, ती पुढे ओढली की टोपीच्या झडपेसारखी वरच्या दिव्यांचा उजेड अडवतात. खाली सांगितलेले बरेच प्रयोग याच खोक्यात होतात.

आता दूध. एक थेंब साधारण 0.05 मिली, म्हणजे 5 मिलीच्या चमच्यात 100 थेंब. एवढ्या दुधात प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा आपटत राहतो. किरणाची दिशा पुसली जाते आणि भांडं कंदिलासारखं उजळतं. दोन लिटर पाण्याला 2 ते 4 थेंब पुरे. भांडं लहान असेल तर थेंब थेट टाकू नका. एक थेंब पेलाभर पाण्यात मिसळा आणि ते पाणी चमच्याचमच्यानं घालत जा. प्रमाण जमलं की नाही हे बाजूनं बघून कळतं. किरणाची कड रेघेसारखी हवी आणि लांबचं टोक जवळच्या टोकाइतकंच ठळक दिसायला हवं. लांबचं टोक मंदावलं असेल तर अर्धं पाणी ओतून साधं पाणी घाला. हे पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, नासतं.

चौकोनी भांड्यात पूर्ण आंतरिक परावर्तन (किरण बाहेर न पडता सगळाच आत परततो ते) दाखवताना एक भूमितीची गंमत आड येते, आणि ती फारशी कुठे सांगितलेली नसते. तळाखालून किरण वर सोडला तर तो कितीही तिरका केला तरी पृष्ठभागातून बाहेर पडतोच, कारण तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग समांतर असतात. उलट, बाजूच्या उभ्या भिंतीतून वर सोडला तर तो जवळजवळ नेहमीच परावर्तित होतो. बाहेर काढायचा असेल तर भिंतीवर सुमारे 62 अंशांपेक्षा जास्त आपाती कोन ठेवावा लागतो. परिणामी मुलांना एक तर कायम अपवर्तन (वळून बाहेर पडणं) दिसतं किंवा कायम परावर्तन. मधला क्षण, ज्यासाठी सगळा खटाटोप, तोच हुकतो.

त्यावर उपाय म्हणजे गोल बरणी आडवी पाडणं. सरळ बाजूंची, पारदर्शक, सपाट बुडाची आणि घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या. बुडावर मार्करनं मध्यातून जाणारी एक रेघ मारा. बरणी आडवी करा, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावा म्हणजे लोळणार नाही, आणि पाण्याची पातळी बरोबर त्या रेघेवर आणा. आता पाण्याचा आकार अर्धवर्तुळ झाला. खालच्या वक्र बाजूनं मध्याकडे रोखलेला किरण त्रिज्येवरून येतो, म्हणून आत शिरताना वळत नाही. जे काही वळणं-परतणं व्हायचं ते पाण्याच्या पृष्ठभागावर, मध्यबिंदूपाशीच होतं. बुडावर कोनमापकाची पारदर्शक प्रत चिकटवली की कोन थेट वाचता येतो.

लेझर उभ्या दिशेपासून 30 अंशांवर सुरू करा. बाहेर गेलेला किरण हवेत दिसत नाही, त्यासाठी पांढरं कार्ड किरणाला चाटून जाईल असं धरा. इथे थांबून मुलांना विचारा, ‘कोन वाढवला तर बाहेरचा किरण कुठे जाईल?’ उत्तरं फळ्यावर लिहा आणि मगच हलवा. 45 अंशांच्या पुढे बाहेरचा किरण पाण्याला जवळजवळ टेकतो आणि आतला परावर्तित किरण, जो आधीपासून फिका दिसत होताच, भराभर ठळक होतो. पाण्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्यापुढे किरण बाहेर पडतच नाही तो, 48.6 अंश. बरणीत 47 ते 50 यांच्यात कुठेही आला तर प्रयोग उत्तम झाला असं समजा. 55 वगैरे आला तर पाणी नेमकं अर्धं नाही किंवा किरण मध्यावर पडत नाही. तपासायची खूण अशी: शिरताना किरणाची दिशा जराही मोडलेली दिसली, तर तो त्रिज्येवर नाही.

लेझरबद्दल इथेच सांगून टाकतो. लाल, 650 नॅनोमीटरचा, 1 मिलिवॉटच्या आतला घ्या. हिरवा डोळ्याला कितीतरी अधिक ठळक दिसतो हे खरं. पण स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये आधी अवरक्त प्रकाश तयार होतो आणि त्यातून हिरवा निघतो. अवरक्त अडवणारी गाळणी नसेल तर तो न दिसणारा प्रकाशही बाहेर येतो, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही. शिवाय कागदी पट्टीवर छापलेल्या शक्तीवर भरवसा ठेवता येत नाही. लेझर हातात धरू नका. कपड्यांचा चिमटा बटणावर बसवला की बटण दाबलेलं राहतं, आणि चिमटा विटेला किंवा ठोकळ्याला बांधला की किरण हलत नाही. वर जाणारा किरण खोक्याच्या छतावरच अडायला हवा. बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीत किरण कधीच नको.

लोलकाकडे वळू. पांढरा पट्टा आणि कडेला रंग, याचा अर्थ लोलक नीट काम करतोय. काचेच्या साध्या लोलकातून रंग दर मीटर अंतराला जेमतेम 2 ते 4 सेमी फाकतात. तुम्ही 3 सेमी रुंद झोत सोडला आणि कागद मीटरभरावर धरला, तर झोताच्या प्रत्येक भागाची वर्णपंक्ती शेजारच्या भागाच्या वर्णपंक्तीवर पडते. मध्ये सगळे रंग पुन्हा एकत्र येतात, म्हणून पांढरं. फक्त कडांना सोबती नसतो. न्यूटननं 1672 मध्ये छापलेल्या आपल्या प्रयोगात झडपेचं छिद्र पाव इंचाचं आणि भिंत 22 फुटांवर असल्याचं लिहिलं आहे. लहान छिद्र आणि लांब भिंत, एवढंच हवं. लोलकाच्या तोंडावर 2–3 मिमीची फट असलेलं काळं कार्ड चिकटवा, उडालेली कडा काळ्या पट्टीनं झाका, आणि भिंत 3–4 मीटरवर ठेवा. एवढ्या बारीक फटीतून टॉर्चचा प्रकाश पुरत नाही, ऊनच लागतं.

ऊन येत असेल तर लोलकाशिवायही चालतं, आणि आम्हाला तो प्रयोग जास्त आवडतो. 10 सेमी खोल पसरट भांड्यात पाणी भरा, खिडकीतून येणाऱ्या उन्हात जमिनीवर ठेवा. (बाकावर नको. बाक हलतो, पाणी हलतं, रंग नाचतात.) आरसा पाण्यात तिरका, तोंड सूर्याकडे करून टेकवा. आरशावर काळी पट्टी चिकटवून फक्त 1 सेमी रुंद आडवी पट्टी उघडी ठेवा आणि ती पूर्ण पाण्याखाली असू द्या. पाण्याबाहेर डोकावणारा आरसाही झाका, नाहीतर त्यावरून परतलेला झगझगीत पांढरा डाग कुणाच्या तरी डोळ्यांवर जाईल. आरसा आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याची पाचर तयार होते, तोच तुमचा लोलक.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, लोक रंग समोरच्या भिंतीवर शोधतात. आरसा पुरेसा तिरका असला की प्रकाश मागे फिरतो, म्हणून रंग छतावर किंवा खिडकीच्याच बाजूच्या भिंतीवर पडतात. दुसरी, आरसा जवळजवळ आडवा ठेवला जातो. मग पाचर फारच पातळ होते आणि रंग फुटत नाहीत. जमिनीशी 30 अंशांपासून सुरुवात करा आणि आरसा सावकाश उभा करत जा. वर्णपंक्ती रुंदावत जाते आणि एका क्षणी जांभळ्याकडून गायब व्हायला लागते. जांभळ्यासाठी पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं माप) सर्वांत जास्त, म्हणून त्याचा क्रांतिक कोन सर्वांत लहान. तो आधी आत अडकतो, लाल शेवटी. अपस्करण (प्रकाशाचे रंग फाकणं) आणि पूर्ण आंतरिक परावर्तन एकाच भांड्यात दिसतात. बरणीचा प्रयोग आधी झालेला असेल तर मुलांना हे कोडं म्हणून टाका, उत्तर सांगू नका. आरसा हलवल्यावर दर वेळी मिनिटभर पाणी स्थिर होऊ द्या.

आता ती करडी चकती. कागदावरचा लाल रंग बाकीचे रंग शोषून घेतो, हिरवा रंग लाल आणि निळा शोषतो, आणि असंच पुढे. चकतीवर पडलेल्या प्रकाशातला बराचसा भाग शाईतच मुरतो. उरलेल्याची सरासरी रंगहीन येते पण मंद असते, आणि पांढऱ्या भिंतीपुढे मंद पांढऱ्यालाच आपण करडं म्हणतो. म्हणून चकती काळ्या खोक्यात ठेवा आणि तिच्यावरच टॉर्चचा झोत टाका. तुलनेला शेजारी पांढरा कागद नसला की ती बरीच पांढरी दिसते. मग शेजारी पांढरा कागद धरा, ती पुन्हा करडी होईल. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सेकंदाला 25 पेक्षा कमी फेरे असतील तर रंग मिसळण्याऐवजी लुकलुकतात. आणि चकती उलटी, हळू फिरतेय किंवा पट्टे दिसताहेत असं वाटलं तर छतावरच्या दिव्यांकडे बघा, ते विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगानं लुकलुकत असतात.

रंगांची बेरीज खरोखर दाखवायची असेल तर रंगीत सावल्या करा. 5 मिमीचे लाल, हिरवा, निळा असे तीन प्रखर एलईडी आणि 9 व्होल्टची बॅटरी लागते. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर लावायचा: लालला 390 ओम, हिरव्या-निळ्याला 330 ओम. तिघांत मिळून एकच रेझिस्टर लावला तर फक्त लाल पेटतो. लालला सुमारे 2 व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला 3 च्या वर लागतात. लाल आधी वाहू लागतो आणि बाकीच्यांना दाब पोचूच देत नाही. कितीतरी चांगली जोडणी ‘हिरवा एलईडी खराब’ म्हणून मोडली जाते, ती यापायी.

एलईडीचा घुमट म्हणजे एक भिंगच, त्यामुळे पडद्यावर तीन वेगळे गोल पडतात. घुमट पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, आतल्या चिपपर्यंत जाऊ नका. प्रकाश पसरतो आणि एकजीव होतो. तिन्ही एका ओळीत, एकमेकांपासून 3 सेमीवर बसवा. पडदा 60 सेमीवर, म्हणजे ही पट्टी खोक्याच्या तोंडापाशी आणि पांढरा कागद मागच्या भिंतीला. पडदा बहुधा हिरवट दिसेल, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त दाद देतो. हिरव्याचा रेझिस्टर 1 किलोओमचा करून बघा. आता एलईडीपासून 40 सेमीवर पेन्सिल उभी धरा. सावल्या काळ्या पडणार असंच सगळे सांगतील. पडतात निळसर-हिरवी, किरमिजी आणि पिवळी. लाल अडला तिथे निळा आणि हिरवा पोचतात, हिरवा अडला तिथे लाल आणि निळा, निळा अडला तिथे लाल आणि हिरवा. पेन्सिल पडद्याकडे सरकवा. सावल्या एकमेकांवर चढतात, दोन अडले तिथे एकच मूळ रंग उरतो आणि तिन्ही अडले तिथे खरा काळा. पिवळा प्रकाश लाल आणि हिरव्यापासून होतो हे रंगपेटीवर वाढलेल्या मुलांना पटत नाही. इथे ते पेन्सिल हलवून स्वतः तपासू शकतात.

तुमची भिंगं वाया घालवू नका. वर्गाच्या आतल्या टोकाला उभं राहून खिडकीची प्रतिमा ट्रेसिंग पेपरवर घ्या, म्हणजे पलीकडून सगळ्यांना दिसेल. विचारा, ‘भिंग अर्धं झाकलं तर?’ बहुतेक जण ‘अर्धी खिडकी’ म्हणतील. काळा कागद भिंगाला चिकटवून धरा: खिडकी पूर्ण राहते, फक्त मंद होते, कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून भिंगाच्या प्रत्येक भागावर प्रकाश येतो. कागद भिंगापासून दूर, ट्रेसिंग पेपरच्या जवळ धरलात तर प्रतिमा खरंच कापली जाईल आणि चुकीचं उत्तर बरोबर ठरेल. त्यामुळे कागद काचेला टेकलेलाच हवा.

पाण्यानं भरलेल्या गोल पेल्यामागे आडवा बाण काढलेलं कार्ड धरणं हा दोन मिनिटांचा प्रयोग, पण आकडा माहीत असला की तो हुकमी होतो. पाण्याच्या नळकांड्याचा नाभी मागच्या पृष्ठभागापासून सुमारे एक त्रिज्या दूर असतो. 7 सेमी व्यासाचा पेला असेल तर कार्ड 3.5 सेमीच्या आत असेपर्यंत बाण तसाच दिसतो, 15 सेमीवर नेला की उलटतो. उभा बाण मात्र उलटत नाही; पेला एकाच दिशेनं वक्र आहे. उन्हात असा पेला ठेवून जाऊ नका, कागद पेटू शकतो.

वरच्या वर्गासाठी, किंवा तास लवकर संपला तर, जुनी सीडी आणि डीव्हीडी. पांढऱ्या पुठ्ठ्याला मध्ये भोक पाडा, त्यातून लेझर सोडा, 20 सेमीवर तबकडीची चकचकीत बाजू पुठ्ठ्याला समांतर धरा. तबकडीवरच्या बारीक रेघांमुळे परतणारा किरण ठिपक्यांत फुटतो आणि हे ठिपके पुठ्ठ्यावरच पडतात, म्हणजे सुरक्षितही. सीडीच्या रेघांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर, त्यामुळे पहिला ठिपका मध्यापासून साधारण 9 सेमीवर येतो. डीव्हीडीत ते 0.74 आहे, ठिपका 37 सेमीवर जातो. पुठ्ठा त्या मानानं रुंद घ्या. कोणत्या तबकडीत माहिती जास्त दाटीनं भरली आहे, हे मुलांना मोजपट्टीनं सांगता येतं. डीव्हीडीचा ठिपका सापडत नसेल तर तो पुठ्ठ्याबाहेर गेलाय.

केसाची जाडी मोजणं त्याच जातीचं. केस लेझरच्या तोंडावर ताणून चिकटवा, भिंत 4 मीटरवर. भिंतीवर काळ्या खंडांची रांग दिसते. डावीकडच्या तिसऱ्या काळ्या खंडापासून उजवीकडच्या तिसऱ्यापर्यंत मोजा. ही 6 अंतरं झाली, 5 नाहीत; मधला उजळ पट्टा दुप्पट रुंद असतो, आणि बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं. ते अंतर 22.3 सेमी आलं तर जाडी = 6 × 650 नॅनोमीटर × 4 मीटर ÷ 0.223 मीटर, म्हणजे 70 मायक्रोमीटर. दोन-तीन वेगवेगळ्या मुलांचे केस घ्या, वर्ग जागा होतो.

सूर्यास्ताचा प्रयोग करायचा झाला तर तिथे मात्र दूध थोडं जास्त चालतं, आणि ते सायीचं नको. सायीतले स्निग्ध कण मोठे असतात, सगळे रंग सारखेच विखुरतात. साय काढलेल्या दुधातले प्रथिनांचे कण त्याहून खूप बारीक, ते निळ्याला जास्त विखुरतात. 30 सेमी लांब भांड्यात एका टोकाकडून टॉर्च लावा आणि थेंब वाढवत जा. बाजूनं निळसर, समोरून पिवळट-नारिंगी दिसेल. लालबुंद मिळाला नाही तर दोष तुमचा नाही, पांढऱ्या एलईडीत गडद लाल प्रकाश फारसा नसतोच. तारेचा जुना दिवा मिळाला तर लाल खुलतो.

व्हिडिओ दाखवा, पण प्रयोगानंतर. मागच्या रांगांसाठी मोबाइलचा कॅमेरा खोक्यासमोर लावून पडद्यावर दाखवायचा असेल तर आधी एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर किरण मंद झाला की कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, आणि ‘मंद झाला’ हेच दिसत नाही.

एका तासाला एकच प्रयोग ठेवा. पहिला बरणीचा घ्या. आदल्या दिवशी झाकण लावून बरणी रात्रभर आडवी ठेवून बघा. गळायची असेल तर ती झाकणापाशीच गळते, आणि झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल कापलेली पट्टी बसवली की थांबते.